‘मन घट्ट कर’ म्हणणाऱ्यांना काय सांगू?

प्रश्न : ताई, मी आयसीयूत नर्स आहे. महिन्यापूर्वी माझ्याकडचा तरुण पेशंट गेला. करायचं ते सगळं केलं होतं. डोळे पुसायच्या आत त्याच बेडवर दुसरी ॲडमिशन आली. आता घरीही मॉनिटरचा अलार्म ऐकू येतो, नाइटनंतर झोप लागत नाही, नातेवाइकांवर खेकसते. सीनियर म्हणतात, मन घट्ट कर. मी या कामाच्या लायक नाही का?

उत्तर : लायकीचं मधेच कुठून काढलंस? मन घट्ट करा म्हणणाऱ्या सीनियर मी जन्मभर पाहिल्या. त्याही रडायच्या, फक्त स्टोअररूमचं दार लावून.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात केली, ती आजार म्हणून नव्हे, कामातून येणारी अवस्था म्हणून. गळून जाणं, कामाबद्दल कडवटपणा आणि आपल्याच्याने काही होत नाही असं वाटणं, या तिच्या खुणा. तुझं खेकसणं त्यातलंच असू शकेल. एका नर्सकडे झेपणार नाहीत एवढे व्हेंटिलेटर दिले, तर प्राणायाम काय करणार? ते इन्चार्जना लेखी दे.

माझी एक ज्युनियर घरून वॉर्डला फोन करायची, ‘नॉरॲड (रक्तदाब टिकवणारं औषध) संपत आलं होतं, सिरिंज बदललीत ना?’ मग आम्ही हँडओव्हर, म्हणजे पुढच्या ड्युटीवालीला पेशंट सोपवणं, बेडपाशीच द्यायला लागलो. दोघींनी औषधाच्या पंपाचा रेट आणि उरलेले एमएल मोठ्याने वाचायचे, मग ‘आता तुझा पेशंट’ म्हणून निघायचं. फोन हळूहळू थांबले.

पेशंट गेल्यावर नळ्या काढण्याआधी टीमने मिनिटभर गप्प उभं राहायचं, ही पद्धत जोनाथन बार्टेल्स या अमेरिकन नर्सने रुजवली. त्याला परवानगी लागत नाही, तूच सुरू कर. मात्र सगळ्यांना लगेच गोल बसवून प्रसंग खोदायला लावणारी सक्तीची बैठक असेल, तर नाही म्हण. तिने पुढचा त्रास टळत नाही, हे अभ्यासांत दिसलंय. बोलायचंच तर त्या रात्री सोबत असलेल्या मैत्रिणीशी, तुला वाटेल तेव्हा बोल.

झोपेचं म्हणशील तर पहाटे चारला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन नऊच्या सुमारासही अंगात असतं. ती मध्यरात्रीआधीच आटप. परतताना गॉगल लाव, खोलीत अंधार कर.

महिना उलटूनही तो प्रसंग डोळ्यांपुढून हलत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घे. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर वेळेची वाट न बघता त्याच दिवशी जा, ड्युटी असली तरी.