डायरेक्ट रिस्पॉन्स मार्केटिंगचा व्यवसाय यशस्वीपणे कसा उभा करावा? भांडवल किती लागतं आणि कोणता कोर्स करावा?

डायरेक्ट रिस्पॉन्स म्हणजे जाहिरात बघून माणसाने थेट ऑर्डर द्यावी आणि कुठल्या जाहिरातीला किती आल्या ते मोजता यावं, असा धंदा. कोर्सचं मला विचारू नका, मी एकही केलेला नाही. भांडवलाचं सांगतो. माझं २०० रुपये होतं. ५० पैशांची ४०० पोस्टकार्डं. माल उधारीचा होता, तो धरत नाही.

२००६ सालची गोष्ट. आमचं तासगाव तालुक्यात हार्डवेअरचं दुकान. गल्ल्यावर थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि मी माल चढवणारा-उतरवणारा. एका व्यापाऱ्याने द्राक्षछाटणीच्या भारी कात्र्या आमच्याकडे टाकल्या होत्या, २४० रुपयांच्या. बाजारात शंभर-सव्वाशेला कात्री मिळत असताना त्या कोण घेणार? धूळ खात पडल्या. दादाचं म्हणणं, आधी नाव झालं पाहिजे. त्याने एसटी स्टँडसमोर फलक लावला, देवाचा फोटो घालून कॅलेंडरं छापली, ३५,००० रुपये घालवले. फलक बघून किती गिऱ्हाईक आलं म्हणून विचारलं तर म्हणाला, "असलं मोजायचं नसतं." तिथून आमचं जे बिनसलं ते आजतागायत.

मी संध्याकाळी एका कृषी सेवा केंद्रात बिलं फाडायला बसायचो. तिथल्या वहीतून बागायतदारांचे पत्ते उतरवून घेतले. छापील मजकुराच्या कार्डाला ६ रुपये पडायचे आणि हाताने लिहिलेल्याला ५० पैसे, म्हणून भाचीला आणि तिच्या मैत्रिणींना भेळ कबूल करून सगळी कार्डं हाताने लिहून घेतली. केलं ते पैसे नव्हते म्हणून. पण छापील कागद चुलीत जातो आणि शाईने लिहिलेलं कार्ड घरातलं कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवतं, हे त्यातून कळलं.

२०० कार्डांवर मजकूर होता, "उत्तम पोलाद, टिकाऊ, खात्रीची कात्री." उरलेल्या २०० वर, "काडी चिरली तर कात्री परत पाठवा, पैसे मनिऑर्डरने परत." उत्तराच्या पत्त्यात पहिल्या गठ्ठ्याला 'खोली नं. १' आणि दुसऱ्याला 'खोली नं. २' असं घातलं. खोल्या कुठल्या, एक माळा होता! पोस्टमन विचारायचा, लॉज काढलं काय रे? पहिल्या खोलीला २ ऑर्डरी आल्या, दुसऱ्या खोलीला ७. यातलं काय चाललं आणि का, हे ज्याला सांगता येत नाही त्याने हा धंदा करू नये. त्याने फलक लावावेत.

९ पार्सलं व्हीपीने पाठवली, म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन पार्सल सोडवायचं. ३ परत आली. जाण्या-येण्याचं टपाल माझ्या अंगावर. खर्चवेच जाऊन दीडशेच्या आसपास सुटले. दादा दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "भिकाऱ्यासारखी कार्डं टाकत बसलाय."

खरी गंमत त्यानंतर. कात्री मिळालेल्या सहांपैकी एकाचं पेन्सिलीने लिहिलेलं पत्र आलं. आणखी ११ कात्र्या पाठवा, जास्तीच्या स्प्रिंगा टाका. एवढी मोठी बाग कुणाची म्हणून मी सायकल काढून गेलो, तर त्या माणसाला बागच नव्हती. छाटणीच्या टोळीचा मुकादम होता. मालकाने त्याला कार्ड देऊन टाकलं होतं.

मग डोक्यात उजेड पडला. छाटणी एकरावर उक्ती दिलेली असते. काम दोन दिवस लांबलं तरी मालकाचा पैसा तेवढाच, त्यामुळे कात्री हलकी की भारी याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. दिवसाला किती वेली उरकतात यावर पोट असतं ते टोळीतल्या बाया-माणसांचं. बोथट कात्रीने काडी चेचते, मनगट धरतं. २४० रुपये मालकाला महाग होते, टोळीला नव्हते. मी चांगली गोष्ट चुकीच्या माणसाला विकत होतो.

पुढच्या हंगामाला बागायतदार सोडले आणि गावोगाव फिरून १२० मुकादमांचे पत्ते जमवले. फळछाटणी ऑक्टोबरची, म्हणून कार्ड सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हातात पडेल असं टाकलं. १२० कार्डांना ३१ उत्तरं आणि १४८ कात्र्या. एप्रिलच्या खरड छाटणीआधी त्याच लोकांना दुसरं कार्ड टाकलं, स्प्रिंग आणि पात्यासाठी. नफा म्हणाल तर तो या स्प्रिंगांत होता. पहिल्या विक्रीत खर्च निघाला तरी खूप झालं. दुसरी, तिसरी, दहावी विक्री त्याच माणसाला करता येत नसेल तर तुम्ही नुसते जाहिरातीवाल्यांना पोसताय.

पैसे परत मागणारे? त्या हंगामात ४. चौघांनाही मुकाट्याने दिले. त्यातले दोघे नंतर परत गिऱ्हाईक झाले.

आजचं विचाराल तर खेळ तोच आहे. कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे काही नवीन नाही, टपाल खात्याची ही व्हीपी १८७७ पासूनची. पार्सलं तेव्हाही परत यायची, आताही येतात. मोबाइलवर जाहिरात देताना प्रत्येक जाहिरातीला वेगळा नंबर किंवा वेगळी लिंक ठेवा, म्हणजे तुमची 'खोली नं. २'. फॉलोअर किती झाले हे दादाच्या कॅलेंडरसारखं आहे, भिंतीवर छान दिसतं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. एक, वहीतून पत्ते उतरवणं तेव्हा खपलं, तेव्हाही ते फार बरोबर नव्हतंच. आता लोकांची माहिती वापरण्यावर २०२३ चा कायदा झालाय, संमती घेऊनच नंबर घ्या. धंद्याचे एसएमएस पाठवायचे तर डीएलटीवर, म्हणजे असे मेसेज पाठवणाऱ्यांसाठी मोबाइल कंपन्या ठेवतात त्या यादीत, नोंदणी लागते. दुसरं, "मधुमेह कायमचा बरा" छापाचा माल विकायचा विचार असेल तर माझं काही ऐकू नका. असल्या जाहिरातींना १९५४ पासून कायद्याने बंदी आहे, तरी लोक करतात. तिसरं, माझ्या मालाला वर्षातून दोन ठरलेले हंगाम आणि एकमेकांना ओळखणारं गिऱ्हाईक होतं. तुम्ही साड्या विकणार असाल तर हे आकडे तसेच लागू होतील असं अजिबात नाही. आणि तुम्हाला स्वतःचा माल न विकता दुसऱ्यांसाठी हे काम करणारी एजन्सी काढायची असेल, तर तो अनुभव मला नाही.

२०११ मध्ये वाटणी झाली. दादाने दुकान आणि फलकाची जागा घेतली. मी मुकादमांच्या पत्त्यांची वही मागितली, तीन रजिस्टरं. पंचांपैकी एक जण हसलासुद्धा, आणि मामा म्हणाले, पोराला काहीतरी कामाचं द्या रे. आज त्या वहीतल्या काही मुकादमांची मुलं माझ्याकडून बॅटरीवरच्या कात्र्या घेतात, चार्जर आणि पाती त्यांना माझीच लागतात.

दादा अजून पाहुण्यांत सांगतो की धंदा वाढला तो फलकामुळे. गेल्या सप्टेंबरला त्याच्या मुलाचा फोन आला, काका, ते नंबर पाठवता का, छाटणीच्या आधी मेसेज टाकायचाय. मी म्हटलं, फलकावर लिही की.