एआर-१५ ची मागची पिन हलत नाही? आधी हातोडी खाली ठेव

नवीन रायफलचा वरचा आणि खालचा भाग मागे जोडणारी ही पिन घट्ट असतेच, घाबरू नकोस. पहिलं काम, मॅगझिन काढ, बोल्ट मागे ओढून चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघ आणि बोट घालून चाचप. मग बोल्ट पूर्ण पुढे जाऊ दे. तो अर्धवट मागे राहिला तर कॅरियरची (बोल्ट ज्यात बसतो त्या भागाची) शेपटी खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यातल्या बफर ट्यूबमध्ये अडकते, मग पिन निघाली तरी वरचा भाग उघडत नाही. आतला घोडा (हॅमर, ट्रिगर नव्हे) चढलेला असू दे. उतरलेला असला की तो कॅरियरला खालून रेटतो.

पिन नेहमी डावीकडून उजवीकडे ढकलायची. बोटाने सरकत नसेल तर तेलाचे दोन थेंब सोड आणि दहा मिनिटं चहा पी. त्यानंतर पितळी किंवा नायलॉनचा पंच लावून हलके टोले दे. पोलादी पंच नको, रिसीव्हर (रायफलचा सांगाडा) अ‍ॅल्युमिनियमचा असतो, ओरखडा कायमचा राहतो. वरचा आणि खालचा भाग एका हाताने घट्ट दाबून धरलास तर भोकं एका रेषेत येतात, आणि निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होतं.

पिन पूर्ण बाहेर येणार नाही, आतला डिटेंट, म्हणजे स्प्रिंगने दाबलेली छोटी खुंटी, तिला अडवतो. तिथे जोर करू नकोस. खरंच अडकली असेल तर दस्त्याजवळची एंड प्लेट (रिसीव्हरच्या मागची पट्टी) सैल करून डिटेंटची स्प्रिंग काढावी लागते, पण ते काम मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून कर. माझी पहिली स्प्रिंग सोफ्याखाली गेली, ती अजून तिथेच आहे.