एका डोलकाठीवर दोन अँटेना: वाचकांचे प्रश्न

ट्रॉलरवर व्हीएचएफ (बोलायचा रेडिओ) आणि एआयएस (आसपासची जहाजं पडद्यावर दाखवणारी यंत्रणा) यांच्या अँटेना एकाच आडव्या पट्टीवर हातभर अंतरावर आहेत. व्हीएचएफवर बोलत असताना पडद्यावरची जहाजं जागच्या जागी अडकतात. काय करावं? (रत्नागिरी)

आधी ती आडवी पट्टी सोडा. व्हीएचएफचा संकटाच्या हाकेचा चॅनेल 16 आहे 156.8 मेगाहर्ट्झवर आणि एआयएसचे दोन चॅनेल 161.975 व 162.025 वर. अँटेनाच्या लेखी हे सगळं एकच. पण उभी अँटेना लहरी चहूकडे आडव्या फेकते. तिच्या डोक्यावर आणि पायाखाली जवळजवळ काहीच जात नाही. म्हणून एक वर, दुसरी बरोबर तिच्या खाली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या मार्गदर्शनातही एका पातळीवर 10 मीटर अंतर सांगितलंय, वर-खाली असतील तर 2 मीटर. ट्रॉलरवर 10 मीटर आडवी जागा आणायची कुठून? वरची जागा व्हीएचएफला द्या. संकटात हाक त्यावरूनच मारायची असते.

तरी सगळा त्रास जाणार नाही. 2 मीटरवर व्हीएचएफच्या शक्तीचा साधारण हजारावा हिस्सा पोचतो, म्हणजे सेटच्या 25 वॅटमधले 25 मिलिवॅट. एआयएसचा रिसीव्हर मिलिवॅटच्या अब्जाव्या भागाहूनही क्षीण सिग्नल ऐकायला बसलेला असतो. बटण दाबलेलं असेपर्यंत तो बहिरा राहणारच. सोडल्यावर लगेच शुद्धीवर यायला हवा. नाही आला, तर कनेक्टर उघडून बघा, पाणी शिरलं असेल.

त्यापेक्षा टीव्हीचा स्प्लिटर (एक अँटेना दोन यंत्रांत वाटणारा जोड) लावून एकच अँटेना वापरली तर? (रत्नागिरी, तेच वाचक)

नको. पहिल्याच हाकेला एआयएसचा रिसीव्हर जळू शकतो. एआयएससाठी बनवलेला स्प्लिटर वेगळा मिळतो, तोच घ्या.

मी हॅम (हौशी रेडिओचालक) आहे. गच्चीवरच्या एकाच पाइपवर 2 मीटर (व्हीएचएफ) आणि 70 सेंटिमीटर (यूएचएफ) तरंगलांबीच्या बँडच्या अँटेना आहेत. 145.500 मेगाहर्ट्झवर बोललो की यूएचएफवर खरखर येते. (नाशिक)

145.500 ला तीनने गुणा: 436.500. तुमच्याच सेटची तिसरी हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पटीवरचा नकोसा सिग्नल) थेट 70 सेंटिमीटरच्या बँडमध्ये पडते. पण फिल्टर विकत घेण्याआधी एक तपासणी करा. व्हीएचएफ 145.510 वर न्या. खरखर 436.530 वर सरकली, तर दोष हार्मोनिकचा. लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) व्हीएचएफ सेटच्या आउटपुटला लावा. खरखर एका जागी न राहता अख्खा बँडच दबत असेल, तर यूएचएफचा रिसीव्हर ओव्हरलोड होतोय. मग हाय-पास फिल्टर (खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) यूएचएफच्या बाजूला. लोक बरोबर उलट लावतात आणि फिल्टरला नावं ठेवतात.

दोन्ही रेडिओ सेट एकदम चालू झाले की तिसऱ्याच चॅनेलवर आवाज येतो. वाऱ्यात कमी-जास्त होतो. (मालवण)

वाऱ्यात बदलतोय म्हणजे गंज बघा. खाऱ्या हवेत गंजलेला क्लॅम्प डायोडसारखा (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागासारखा) वागतो, दोन फ्रिक्वेन्सी मिसळून तिसरी तयार करतो, आणि ती कुठल्याच फिल्टरने थांबत नाही. क्लॅम्प बदला, ताणाच्या तारांचे सांधेही. हाताने हलवून बघा. आवाज ज्याला हलवल्यावर बदलेल, तोच गुन्हेगार.