जपानहून उतरलेली वापरलेली ॲक्वा घेतल्यावर पहिल्या पंधरवड्यात काय करायचं

तुमचा प्रश्न असा: मुंबईच्या गोरेगावहून न्यूझीलंडच्या ऑकलंडला यायचं ठरलंय, आल्याआल्या जपानहून आयात केलेली वापरलेली टोयोटा ॲक्वा हायब्रिड घ्यायचा विचार आहे. डीलर म्हणतो, ‘वॉरंट ऑफ फिटनेस नवं आहे, गाडी तयार आहे.’ मग लगेच सर्व्हिसिंग करायची गरज आहे का?

आहे, आणि तो खर्च गाडीच्या बजेटमध्येच धरा. वॉरंट ऑफ फिटनेस म्हणजे गाडी रस्त्यावर आणायला सुरक्षित आहे, एवढीच तपासणी. इंजिन-गिअरबॉक्सची तब्येत, ऑइल किती आणि कसं आहे, ब्रेक पॅड अजून किती टिकतील, यातलं काहीही त्यात पाहत नाहीत. मुंबईत पीयूसी मिळालं म्हणून आपण सर्व्हिसिंग टाळत नाही, तसंच हे.

गाडी घेण्याआधी ड्रायव्हरचं दार उघडा आणि दाराची कड, खांब नीट पाहा. जपानी गॅरेजचं ऑइल बदलल्याचं स्टिकर बऱ्याचदा तिथेच सापडतं. साल जपानी पद्धतीचं, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीपासून मोजलेलं असतं. ‘आर ५’ असेल तर २०१८ मिळवा, म्हणजे २०२३. ‘एच ३०’ असेल तर १९८८ मिळवा, म्हणजे २०१८. शेजारी किलोमीटर असतात, कधी झालेल्या कामाचे, कधी पुढच्या कामाचे, कधी दोन्ही. झालेल्या कामाचा आकडा मीटरपेक्षा मोठा निघाला तर ती गाडी घेऊच नका.

पहिलं काम इंजिन ऑइल. स्टिकर ताजं दिसलं तरी बदला, कारण गाडी यार्डात, बोटीवर आणि पुन्हा यार्डात उभी असते. पहिल्या पिढीच्या ॲक्वाच्या १.५ लिटर इंजिनाला ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल लागतं, फिल्टरसकट साधारण ३.७ लिटर. ‘जाड ऑइलने इंजिन टिकतं’ हा आपल्याकडचा समज इथे आणू नका. हायब्रिडचं इंजिन दिवसभर बंद-चालू होत असतं, थंड असताना ऑइल झटकन वर पोचायला हवं. ड्रेन बोल्टला १४ नंबरचा पाना लागतो. वॉशर नवा घाला आणि ३७-३८ न्यूटन-मीटरपर्यंतच आवळा, जास्त ताकद लावली की आटे जातात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, स्टँड लावा. टायमिंग बेल्टची चिंता नको, याला चेन आहे. पण चेन टिकते ती स्वच्छ ऑइलवरच.

गिअरबॉक्सबद्दल इथले काही मेकॅनिकही गल्लत करतात. ॲक्वाच्या कागदांवर सीव्हीटी (एरवी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) लिहिलेलं असलं तरी आत पट्टा नाही, दोन मोटर आणि प्लॅनेटरी गिअर आहेत. त्यात टोयोटाचं एटीएफ डब्ल्यूएस हे गिअरबॉक्स ऑइल जातं, बेल्टवाल्या सीव्हीटीचं ऑइल नाही. आधी भरायचा बोल्ट सुटतोय का ते पाहा, मगच निचऱ्याचा उघडा. उलट केलंत आणि वरचा अडकला, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल. सपाट जमिनीवर, भोकाच्या कडेपर्यंत येईल इतकं भरा.

कूलंटच्या टाक्या दोन: एक इंजिनची, एक इन्व्हर्टरची (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी करून देणारा भाग). दोन्हींत टोयोटाचं गुलाबी कूलंटच. नळाचं पाणी किंवा दुसऱ्या रंगाचं कूलंट ओतू नका. वॉर्निंग लाइट येईपर्यंत इन्व्हर्टरच्या टाकीकडे कोणी बघत नाही, म्हणून पातळी स्वतः पाहा.

हायब्रिड बॅटरी गार ठेवणारी हवा मागच्या सीटखालच्या जाळीतून आत जाते. आधीच्या मालकाकडे कुत्रा असेल तर तिथे केसांचा थर मिळेल. जाळी आणि आत फिल्टर असेल तर तोही व्हॅक्यूमने साफ करा. हवा कोंडली की बॅटरी तापते आणि अकाली जाते. पंख्यापर्यंत जायचं असेल तर हायब्रिडचं प्रशिक्षण घेतलेल्यालाच बोलवा, जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलना हात लावायचा नाही.

बारा व्होल्टची छोटी बॅटरी उभ्या गाडीत हमखास उतरते. मग गाडी निघायला तयार असल्याचा ‘रेडी’ दिवा लागत नाही आणि लोक मोठी बॅटरी गेली समजून घाबरतात. बदलताना वायू बाहेर नेणारी नळी जोडता येईल अशीच घ्या, कारण ही बॅटरी केबिनमध्ये असते. आणखी एक: टोयोटाचे काही जपानी म्युझिक सिस्टिम वीज तुटली की कुलूपबंद होतात, म्हणून मेमरी सेव्हर (बॅटरी काढली तरी वीज चालू ठेवणारं उपकरण) लावूनच टर्मिनल काढा. रेडिओ तसाही जपानी ७६ ते ९५ मेगाहर्ट्झचा असतो, इथली बरीच स्टेशनं बँड एक्स्पांडर (वरची स्टेशनं जपानी रेडिओच्या पट्ट्यात आणणारं उपकरण) बसवल्याशिवाय मिळत नाहीत.

ब्रेक. वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटर करते, त्यामुळे पुढच्या कॅलिपरच्या पिना वर्षानुवर्षं हलत नाहीत आणि जाम होतात. चाकं काढून पिना साफ करा, रबराला चालणारं ब्रेकचं ग्रीस लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं. डिस्कवरचा वरवरचा गंज चारदोन ब्रेकमध्ये जातो, खोल चरे जात नाहीत. ब्रेक फ्लुइड मात्र ‘पंप मार, धरून ठेव’ पद्धतीने बदलू नका, याला गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं स्कॅन टूल लागतं, नाहीतर आत हवा राहते.

टायर कधी बनला ते सांगणारे त्यावरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. बर्फाचे टायर असतील तर बदला, ओल्या रस्त्यावर ते धड पकड देत नाहीत. एअर फिल्टर, एसीचा फिल्टर आणि वायपर ही घरी करायची कामं.

निघण्याआधी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं उपकरण) घेऊन ठेवा. बॅटरी सोडवण्याआधी त्यावर कोड वाचून फोटो काढा, नंतर ते पुसले जातात. पार्ट मागवताना न्यूझीलंडमध्ये दिलेला सात-ए ने सुरू होणारा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, चालत नाही, मूळ जपानी चेसिस नंबर द्या, पहिल्या पिढीच्या ॲक्वाचा तो एनएचपी१० ने सुरू होतो.