मेरी कसाट यांची रंगीत मुद्राचित्रे जपानी पद्धतीने लाकडी ठशांवर छापलेली आहेत का?
नाही, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात जन्मलेल्या आणि कारकिर्दीचा बहुतेक काळ फ्रान्समध्ये घालवलेल्या चित्रकार मेरी कसाट (१८४४–१९२६) यांनी १८९०–९१ मधील दहा रंगीत चित्रांचा तो प्रसिद्ध संच तांब्याच्या पत्र्यांवर, ड्रायपॉइंट आणि ॲक्वाटिंट या तंत्रांनी केला. ड्रायपॉइंटमध्ये अणकुचीदार सुईने पत्रा थेट ओरखडतात, तर ॲक्वाटिंटमध्ये राळेचे कण बसवून आम्लाने पत्रा कोरून घेतात, म्हणून रंगाचा सलग पट्टा मिळतो. छापताना कसाट पत्र्यावर हाताने रंग भरत, त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रतींत छटा थोड्या वेगळ्या दिसतात. प्रत्येक चित्राच्या प्रती जेमतेम २५ काढल्या. गैरसमज मात्र अगदी स्वाभाविक आहे, कारण १८९० मध्ये पॅरिसला भरलेले जपानी मुद्राचित्रांचे मोठे प्रदर्शन पाहूनच त्यांनी हे काम हाती घेतले. ‘पत्र’ या चित्रात मेजापाशी बसून लिफाफा ओठांशी धरलेली स्त्री पाहा: निळ्या नक्षीदार पोशाखावर छायाप्रकाश जवळपास नाहीच. म्हणजे दृष्टी जपानकडून घेतलेली, तंत्र युरोपीय. अर्थात, हे उत्तर या संचापुरतेच आहे. एरवी त्या मुख्यतः तैलरंग आणि पेस्टलमध्ये काम करत.