रेडिएशनमुळे मूल मंद होतं का? मेड्युलोब्लास्टोमा झालेल्या मुलीच्या आईचं उत्तर

तुमच्या सहा वर्षांच्या मुलाचं मेड्युलोब्लास्टोमाचं, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागातल्या कर्करोगाच्या गाठीचं ऑपरेशन झालंय, आणि ‘लाइट (रेडिएशन) दिल्या की पोर मंद होतं’ असं घरचे म्हणतात, म्हणून नकार द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. देऊ नका नकार. गाठ परत आली तर अभ्यासाची चिंता करायलाही काही उरणार नाही.

परिणाम होतो, हे खरं आहे. माझ्या मुलीला सातव्या वर्षी पूर्ण डोकं आणि पाठीच्या कण्याला 23.4 ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), आणि गाठीच्या जागी एकूण 54 ग्रे दिले. सुरुवातीला काही जाणवलंच नाही. चौथीत गेल्यावर वह्या अपुऱ्या येऊ लागल्या. तारीख, विषय, धड्याचं नाव, दीड ओळ आणि पुढे कोरं पान. खाली लाल पेनाने ‘अपूर्ण’. सात आठे छप्पन्न तिला येत होतं, पण ती सांगेपर्यंत वर्ग पुढच्या गणितावर गेलेला असायचा. पालकसभेत बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “आजारपणाचं किती दिवस भांडवल करणार? मुलगी आळशी आहे.” पोरगी शेजारीच उभी होती.

नंतर मानसशास्त्रज्ञांकडून चाचणी करून घेतली. शब्दांची समज वयाप्रमाणे होती, कामाचा वेग खूपच खाली. रेडिएशनने मेंदूतल्या पांढऱ्या भागाला, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या तंतूंना इजा होते. मूल शिकलेलं सहसा विसरत नाही, नवीन शिकायला जास्त वेळ घेतं. म्हणून बरोबरीच्या मुलांशी अंतर वर्षागणिक वाढत जातं, आणि लोकांना वाटतं पोरगं ढ झालं.

डोस कमी करा म्हणून डॉक्टरांशी भांडू नका. अमेरिकेत 3 ते 7 वर्षांच्या मुलांना 23.4 ऐवजी 18 ग्रे देऊन पाहिले. 2021 मध्ये निकाल छापून आले: पाच वर्षांनी आजार न परतलेली मुलं 83 टक्क्यांवरून 71 वर आली. त्याच अभ्यासात जादा डोस फक्त गाठीच्या जागेपुरता दिला तरी चाललं, तेवढं मात्र जरूर विचारा. प्रोटॉनबद्दलही, म्हणजे एक्स-रेऐवजी कणांच्या झोताने देतात त्या रेडिएशनबद्दलही विचारा, खारघरला टाटा हॉस्पिटलच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात ती सोय आहे. पण कणा-डोकं दोन्ही घ्यायचं असेल तर पूर्ण मेंदूला डोस जातोच, प्रोटॉन असो वा फोटॉन (नेहमीचं एक्स-रेचं रेडिएशन).

हे सगळं मेड्युलोब्लास्टोमापुरतं. तीन वर्षांखालच्या बाळांत डॉक्टर केमो देऊन रेडिएशन शक्य तितकं पुढे ढकलतात, आणि सौम्य गाठींचं गणित वेगळं असतं. थायरॉईड आणि ऐकू येणं तपासत राहा. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने कान जाऊ शकतात, आणि ऐकू न येणारं मूलही वर्गात ‘लक्ष नसलेलं’च दिसतं.

जमलं तर रेडिएशनच्या आधीच एक चाचणी करून ठेवा, पुढे तुलनेला लागते. परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मिळू शकतात, त्यासाठी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राच्या मागे आत्तापासून लागा. कोणी ‘भांडवल’ म्हटलं तर तिथल्या तिथे, मुलाच्या देखत उत्तर द्या. गप्प बसलात तर मूल तेच खरं धरतं. चाचणीचा रिपोर्ट मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या इयत्तेच्या बाईंपर्यंत पोचत नाही.