टेक्सासचा बंदूक परवाना न्यूयॉर्कमध्ये चालतो का?

नाही, अजिबात चालत नाही. न्यूयॉर्क कुठल्याच दुसऱ्या राज्याचा परवाना मानत नाही. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून कायद्याने अपात्र नसलेल्या, २१ वर्षांवरच्या माणसाला पिस्तूल बाळगून फिरायला परवानाच लागत नाही. त्या सवयीने न्यूयॉर्कला गेलात, तर थेट अटक होऊ शकते. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कची ‘खास कारण दाखवा’ ही अट रद्द केली. परवान्याची सक्ती मात्र कायम आहे.

गाडीने नुसतं त्या राज्यातून पुढे जायचं असेल, तर १९८६ चा केंद्रीय कायदा संरक्षण देतो; पण निघतो तिथे आणि पोहोचतो तिथे बंदूक बाळगणं कायदेशीर हवं. गोळ्या काढलेली बंदूक डिकीत ठेवा. डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत. डॅशबोर्डचा कप्पा कुलूप लावूनही चालत नाही, इथेच लोक फसतात.